नाडी जुळते, कॅलरी जुळत नाहीत: छातीपट्टा, मनगटी घड्याळ आणि ट्रेडमिल, कोणाचा आकडा धरायचा?

टिळकवाडी_४०:
नमस्कार मंडळी. प्रश्न आकड्यांसकट मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल. पुरुष, वय ४०, वजन ७० किलो. जिममधला ट्रेडमिल, ताशी ६ किलोमीटर वेग, ५ टक्के चढ, ५० मिनिटं चाल. एकाच वेळी डाव्या मनगटावर घड्याळ आणि छातीला पट्टा. पट्टा फोनमधल्या वेगळ्या ॲपला जोडलेला. सरासरी ठोके घड्याळात १३९, पट्ट्यात १४०. म्हणजे नाडीबद्दल दोघांचं एकमत. कॅलरी मात्र घड्याळात ६४८, ॲपमध्ये ५४१ आणि ट्रेडमिलच्या पडद्यावर ३९५. जेवणाचं गणित यातल्या कोणावर बेतायचं?

शहापूर_शरीरशास्त्र:
ट्रेडमिलवर. पण दोन अटी आहेत: मशीनला तुमचं वजन ७० किलो म्हणून सांगितलेलं हवं आणि चालताना पुढचा दांडा धरलेला नको.

कारण समजून घ्या. शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे ऑक्सिजनवरून कळतं. १ लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ कॅलरी खर्च होतात (चरबी जळत असेल तर ४.७, कर्बोदकं जळत असतील तर ५ च्या किंचित वर). प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून हाच ऑक्सिजन मोजतात. घड्याळाला किंवा पट्ट्याला ऑक्सिजन दिसत नाही, फक्त ठोके दिसतात. आणि स्नायूंनी मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: ठोके, एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त आणि त्या रक्तातून स्नायूंनी काढून घेतलेला ऑक्सिजन. यंत्राच्या हातात यातली पहिली गोष्ट आहे. उरलेल्या दोन ते वय, वजन, लिंग यांवरून अंदाजानं भरतं. चूक शिरते ती तिथं.

२०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर ७ मनगटी यंत्रं तपासली. ७ पैकी ६ यंत्रांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. तुमचे आकडे त्याच जातीचे आहेत.

निपाणी_ट्रॅक:
सरांच्या म्हणण्याला गणिताची जोड देतो. ठोक्यांवरून कॅलरी काढायचं बरंच वापरलं जाणारं सूत्र २००५ साली कीटेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. पुरुषांसाठी ते असं:

मिनिटाला किलोज्यूल = (०.६३०९ × ठोके) + (०.१९८८ × वजन) + (०.२०१७ × वय) − ५५.०९६९

आलेल्या उत्तराला ४.१८४ ने भागलं की कॅलरी. तुमचे आकडे घाला: ८८.३ + १३.९ + ८.१ − ५५.१ = ५५.२ किलोज्यूल, म्हणजे मिनिटाला १३.२ कॅलरी. ५० मिनिटांचे ६६०. घड्याळाचे ६४८ याच्या शेजारीच बसतात.

आता हे १३.२ उलट तपासा. त्यासाठी मिनिटाला २.६४ लिटर ऑक्सिजन लागतो. ७० किलोला भागलं तर किलोमागे जवळजवळ ३८ मिलिलिटर. चाळिशीतल्या, नियमित न धावणाऱ्या माणसाची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमताच बऱ्याचदा ३५ च्या आसपास असते. म्हणजे घड्याळ म्हणतंय की तुम्ही ५० मिनिटं तुमच्या कमाल क्षमतेच्या वर चालत होता. हे शक्यच नाही.

चूक सूत्राची म्हणता येत नाही. ते ज्यांच्यावरून काढलं ती माणसं १८ ते ४५ वयाची आणि नियमित व्यायाम करणारी होती. १४० ठोक्यांना त्यांची हृदयं जेवढा ऑक्सिजन पोचवत होती तेवढा सगळ्यांची पोचवत नाहीत.

टिळकवाडी_४०:
वजन भरलेलं होतं, दांडा धरलेला नव्हता. पण ॲपचा आकडा घड्याळापेक्षा १०० नं कमी का आला? ठोके तर तेच होते की.

निपाणी_ट्रॅक:
ॲपनं सुरुवातीला तुमची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, विचारली असेल. त्याच अभ्यासात दुसरं सूत्रही आहे, त्यात ती क्षमता धरलेली आहे. पुरुषांसाठी: (०.६३४ × ठोके) + (०.४०४ × क्षमता) + (०.३९४ × वजन) + (०.२७१ × वय) − ९५.७७३५. क्षमता ३५ धरली तर मिनिटाला १०.९ कॅलरी, ५० मिनिटांचे ५४४. तुमच्या ॲपचे ५४१. आत नेमकं हेच सूत्र आहे असा दावा करत नाही, पण क्षमता सांगितली की आकडा कसा खाली येतो ते यातून दिसतं.

शहापूर_शरीरशास्त्र:
आणि ट्रेडमिलचे ३९५ कुठून येतात तेही लिहून ठेवतो. चालण्यासाठी एसीएसएम या अमेरिकन संस्थेचं समीकरण आहे:

किलोमागे ऑक्सिजन = (०.१ × वेग) + (१.८ × वेग × चढ) + ३.५

वेग मीटर प्रति मिनिट, चढ दशांशात. ताशी ६ किमी म्हणजे मिनिटाला १०० मीटर. १० + ९ + ३.५ = २२.५. याला वजनानं गुणून २०० ने भागा: मिनिटाला ७.९, ५० मिनिटांचे ३९४. यात हृदयाचा संबंधच येत नाही. ७० किलोचं शरीर अमुक वेगानं अमुक चढावर न्यायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागते. माणसामाणसांत फरक असतो, पण नाडीच्या सूत्रातल्या फरकापेक्षा खूप कमी.

धावण्यासाठी वेगळं: (०.२ × वेग) + (०.९ × वेग × चढ) + ३.५. ताशी ९ किमी, सपाट: ३० + ३.५ = ३३.५. ७० किलोला मिनिटाला ११.७, म्हणजे किलोमीटरला ७८. म्हणूनच 'धावताना एका किलोला एका किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी' हा ढोबळ हिशेब चालतो. चालण्याचं समीकरण मिनिटाला ५० ते १०० मीटर वेगालाच वापरा. उतारावर दोन्ही वापरू नका.

उद्यमबाग_सेन्सर:
ट्रेडमिलवर भरवसा ठेवायच्या आधी तो तपासा. पडद्यावर ६ लिहिलं म्हणून पट्टा ६ नं फिरतोच असं नाही. जुन्या मशीनचा पट्टा सैल पडला की पाऊल पडताना क्षणभर घसरतो.

पट्ट्याच्या कडेला खडूची एक खूण करा. मशीन बंद असताना टेपनं पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा, हळूहळू ओढत, एका खुणेपासून परत त्याच खुणेपर्यंत. समजा ३ मीटर आली. आता ६ चा वेग लावून एकजण वर चालू दे आणि दुसऱ्यानं एका मिनिटात खूण किती वेळा येते ते मोजू दे. १०० मीटरला ३३ फेऱ्या पूर्ण होऊन चौतिसावी चालू झालेली असायला हवी. ३० च आल्या तर खरा वेग ५.४ आहे. माणूस वर नसताना केलेली मोजणी उपयोगाची नाही, वजन आल्यावरच घसरण कळते.

चढासाठी मशीनच्या बाजूच्या पट्टीवर एक मीटरची पट्टी आणि पाणसळ ठेवा. ५ टक्क्यांना १०० सेंटिमीटरमागे ५ सेंटिमीटर उंची मिळायला हवी. फरशीलाच उतार असला तर तो आधी शून्य चढावर मोजून वजा करा.

वडगावची_ताई:
बायकांचं सूत्र कुणी देता काय? आणि दिवसभर घड्याळ हातात ठेवलं तर स्वयंपाक, धुणं, भांडी यांच्या कॅलरी फार जास्त दाखवतंय असं मैत्रिणी म्हणतात. ते का?

निपाणी_ट्रॅक:
ताई, बायकांसाठी: (०.४४७२ × ठोके) − (०.१२६३ × वजन) + (०.०७४ × वय) − २०.४०२२, मग ४.१८४ ने भागायचं. यात वजनाच्या आधी वजा आहे ते बघा. ४० वर्षांची, १४० ठोके, वजन ६० किलो: मिनिटाला ९.० कॅलरी. तेच वजन ८० केलं तर ८.४. प्रत्यक्षात ८० किलोच्या शरीराला तोच चढ चढायला जास्त ऊर्जा लागते. त्या गटात जास्त वजनाच्या बायकांचे ठोके त्याच कामाला जास्त पडत होते, म्हणून सूत्रानं वजन वजा केलं. गटासाठी ते ठीक असेल, एकटीसाठी नाही. वजन जास्त असलेल्या ताईंनी चालण्याचं समीकरणच वापरावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शहापूरच्या सरांनी द्यावं.

शहापूर_शरीरशास्त्र:
ठोके आणि ऑक्सिजन यांचं नातं मध्यम ते जोरदार व्यायामातच सरळ रेषेत चालतं. साधारण ९० ठोक्यांखाली ती रेषा मोडते. उभं राहिलं, बोललं, चहा घेतला, राग आला, तरी ठोके वाढतात, ऑक्सिजन फारसा वाढत नाही. वरचं पुरुषांचं सूत्र ७० ठोक्यांना, खुर्चीत बसलेल्या माणसाला लावून बघा: मिनिटाला २.६ कॅलरी. खरा खर्च १.२ च्या आसपास. दुपटीहून जास्त. म्हणून चांगली घड्याळं ठोके कमी असताना त्यांना बाजूला ठेवून हालचालीच्या सेन्सरवर जातात. पण भांडी घासताना मनगट सारखं हलतं आणि पाय जागेवर असतात, तिथं तोही सेन्सर फसतो. घरकामाचा आकडा घड्याळातून घेऊच नका, ताई.

चिकोडी_डॉक्टर:
औषधांचं इथं कुणी लिहिलं नाही, ते महत्त्वाचं आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके दाबलेले असतात. तोच चढ, तेवढीच मेहनत, पण १४० ऐवजी ११० दिसतील आणि घड्याळ कॅलरी कमी दाखवेल. अशा माणसाला २२० वजा वय किंवा कुठलंही वयावर आधारलेलं कमाल ठोक्यांचं गणित लागू पडत नाही. आकडा वाढवायला म्हणून गोळी चुकवायची नाही, हे स्पष्ट लिहितो.

उलट बाजूनं: अंगात रक्त कमी असेल, थायरॉइड वाढलेलं असेल, ताप असेल, दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप नुकताच घेतला असेल, तर त्याच कामाला ठोके जास्त पडतात आणि कॅलरी फुगून दिसतात. नाडी अनियमित असेल (एट्रियल फिब्रिलेशन) तर मनगटी घड्याळाचा ठोक्यांचा आकडासुद्धा धरू नये. पेसमेकर असलेल्यांनी छातीपट्टा लावण्याआधी आपल्या हृदयतज्ज्ञांना विचारावं.

नेहमीच्या मानानं विश्रांतीचे ठोके आठवडाभर १० नं वर राहत असतील तर कॅलरीचा विचार सोडून डॉक्टरांकडे जा.

टिळकवाडी_४०:
डॉक्टर, गोळी काही नाही. मग रस्त्यावर चालताना, जिथं ट्रेडमिल नाही, तिथं ठोक्यांवरून बरा आकडा काढायची काही रीत आहे काय ओ?

निपाणी_ट्रॅक:
आहे. ठोक्यांचा राखीव हिस्सा (कमाल ठोके वजा विश्रांतीचे ठोके) वापरायचा. तीन गोष्टी लागतात.

विश्रांतीचे ठोके: सकाळी जाग आल्यावर, उठायच्या आधी, सलग काही दिवस मोजून सरासरी. घड्याळ झोपेतले सगळ्यांत कमी ठोके दाखवतं, ते यापेक्षा खाली असतात. दोन्ही मिसळू नका.

कमाल ठोके: २०८ − (०.७ × वय). हे टनाका यांचं २००१ चं सूत्र. ४० वर्षांना १८०. व्यक्तीगणिक १० ठोके इकडे-तिकडे सहज होतात.

कमाल क्षमता: १२ मिनिटांची कूपर चाचणी. १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर धावता ते मोजा, त्यातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. २१०० मीटर आले तर ३५.७. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

अंतर मोजलेल्या ट्रॅकवरच धरा. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जीपीएस उड्या मारतं आणि अंतर फुगतं. १०० मीटर जास्त आले की क्षमता २.२ नं वाढलेली दिसते.

आता गणित. विश्रांती ७०, कमाल १८०, व्यायामात १४०. (१४० − ७०) भागिले (१८० − ७०) = ०.६४. क्षमता ३५ मधून ३.५ वजा करा, ३१.५. त्याला ०.६४ नं गुणा, ३.५ परत मिळवा: २३.७ च्या आसपास. गुणिले ७०, भागिले २००: मिनिटाला ८.२ ते ८.३. ५० मिनिटांचे ४१० ते ४१५. ट्रेडमिलच्या ३९५ शी हे ५ टक्क्यांत जुळतं, आणि दोन्ही अगदी वेगळ्या वाटांनी आलेत.

यात सगळ्यांत जास्त वजन कशाला आहे ते बघा. कमाल ठोके १८० ऐवजी १९० निघाले तर ७.७ येतात, १७० निघाले तर ८.९. पण क्षमता ३५ ऐवजी ५० असती तर तेच १४० ठोके मिनिटाला ११.६ कॅलरीचे झाले असते. म्हणून घड्याळात एकच गोष्ट नीट भरायला वेळ असेल तर ती क्षमता भरा.

खानापूर_सायकल:
सायकलवाल्यांसाठी लिहितो. खानापूर रोडनं सपाट जाणं आणि येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ या दोन्हीत मनगटी घड्याळ मार खातं. सपाटीला रस्त्याचे हादरे हँडलातून मनगटात येतात. चढावर हँडल आवळलेलं असतं आणि मनगट मागं वाकलेलं, त्यामुळे कातडीखालचा रक्ताचा प्रवाह बदलतो. उपाय दोन: छातीपट्टा, नाहीतर कोपराच्या खाली हाताच्या मांसल भागावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर.

कॅलरीसाठी मात्र पॉवर मीटर (पेडल मारायची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर ठोके विसरून जा. सरासरी १५० वॅट एक तास म्हणजे ५४० किलोज्यूल काम. माणसाचं शरीर सायकलवर २० ते २४ टक्के कार्यक्षम असतं, म्हणजे खर्च ५४० ते ६४५ कॅलरी. म्हणून किलोज्यूलचा आकडा तसाच कॅलरी म्हणून घेतात. तो थोडा कमीच असतो, आणि आहारासाठी कमी असलेला बरा.

पॉवर मीटर महाग आहे हे खरं. चढावर त्याच्याशिवायही जमतं. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, १०० मीटर उंची चढलात: ८० × ९.८ × १०० = ७८ किलोज्यूल. २२ टक्के कार्यक्षमता धरली तर ८५ कॅलरी दर १०० मीटर उंचीला. त्यात वाऱ्याचा आणि टायरचा विरोध वेगळा मिळवायचा, पण खड्या चढावर वेग कमी असल्यानं तो थोडाच असतो. उतरताना पेडल मारत नसाल तर तो वेळ बसल्यासारखाच धरा.

टिळकवाडी_४०:
आणि तालमीतली मेहनत? जोर-बैठका, गदा? आमच्या गल्लीतली पोरं घड्याळ लावूनच जोर मारतात.

तालीम_कंग्राळी:
पहिली गोष्ट, हौद्यात (कुस्तीच्या मातीत) उतरताना घड्याळ आणि पट्टा दोन्ही काढून ठेवायचं. स्वतःचं मनगट आणि जोडीदाराचा चेहरा दोन्हींना धोका. यात सूट नाही.

जोर मारताना मनगट ९० अंशात वाकतं आणि अंगाचा भार त्यावर येतो. घड्याळाचा प्रकाश जिथं पडतो तिथलं रक्त दाबलं जातं, ठोके मध्येच ८० आणि मध्येच १७० दिसतात. छातीपट्टा बरा चालतो, फक्त जोरात खाली जाताना तो पोटाकडे सरकतो. पट्टा एक घर आवळून, छातीच्या स्नायूच्या बरोबर खाली बसवायचा.

ठोके बरोबर आले तरी कॅलरी जास्तच दिसते. त्याच ऑक्सिजनला हातांच्या कामात पायांपेक्षा ठोके जास्त पडतात. बैठका पायांच्या, त्यामुळं त्यांचा आकडा त्यातल्या त्यात जवळचा. जोर हातांचे, जास्त फुगतो. गदा फिरवताना मूठ आवळलेली असते, डाव धरून ठेवताना अख्खं अंग आवळलेलं आणि श्वास रोखलेला असतो. तिथं रक्तदाब आणि ठोके चढतात, ऑक्सिजन त्या मानानं चढत नाही. वजन उचलणाऱ्यांचंही हेच.

म्हणून तालमीत मेटच्या (बसून राहण्याच्या किती पट खर्च, त्याच्या) तक्त्यावरून अंदाज घ्या. जोरदार जोर-बैठकांना ८ मेट, कुस्तीला ६ मेट. १ मेट म्हणजे किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी. ७० किलोचा पोरगा खऱ्या कामाची २० मिनिटं जोर-बैठका करत असेल तर ७० × ८ × २० ÷ ६० = १८७. 'खऱ्या कामाची' हे मुद्दाम लिहिलं. मधली विश्रांती, माती मळणं, वाट बघणं यात धरायचं नाही.

चंदगड_वाट:
उन्हाचं कुणीतरी लिहा. एप्रिल-मे महिन्यात तोच रस्ता, तोच वेग, आणि घड्याळ १०० कॅलरी जास्त देतं.

शहापूर_शरीरशास्त्र:
उन्हात रक्ताचा एक हिस्सा कातडीकडे वळतो आणि घामानं रक्तातलं पाणी कमी होतं. एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. काम तेवढंच राहतं. वरच्याच उदाहरणात १४० चे १५२ झाले तर गणित ८.२ वरून ९.४ वर जातं. १५ टक्के वाढ, आणि ती जवळजवळ सगळी खोटी. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या दमट हवेत गेलात तर हे आणखी वाढतं, कारण घाम वाळत नाही.

उन्हाळ्यातल्या लांब व्यायामाला पहिल्या १० ते २० मिनिटांतले स्थिर ठोके घ्या आणि वेग तोच राहिला असेल तर पूर्ण वेळेला तेच लावा. सुरुवातीची ३-४ मिनिटं सोडून द्या, तेव्हा ठोके कामाच्या मागं असतात. आणि ठोके चढत चाललेत हे कॅलरीसाठी निरुपयोगी असलं तरी सुरक्षिततेसाठी मोलाचं आहे. ते पाणी पिण्याचं आणि वेग कमी करण्याचं लक्षण समजा.

उद्यमबाग_सेन्सर:
आता यंत्रांची निगा, कारण ठोकेच चुकले तर वरचं सगळं गणित वाया.

मनगटी घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत टाकतं आणि किती परत येतो ते मोजतं. रक्ताची लाट आली की प्रकाश जास्त शोषला जातो. हाताच्या हालचालीनंही तसाच चढउतार होतो, आणि तिथं घोळ होतो. धावताना मिनिटाला १५० ते १८० पावलं पडतात, घड्याळ कधीकधी पावलांनाच ठोके समजतं. ओळखायची रीत: धावता धावता पावलं मुद्दाम जलद पण आखूड टाका. ठोके त्याच क्षणी पावलांच्या आकड्यावर उडाले तर ती पावलं आहेत. थांबून मानेवर हलक्या बोटानं १५ सेकंद नाडी मोजा, ४ नं गुणा. एका ठोक्याची चूक ४ ची होते, तेवढी धरून चला.

घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, हाडापासून कोपराकडे एक-दोन बोटं. हलवलं तर कातडी सोबत हलली पाहिजे इतकं घट्ट. पाठची काच घाम-तेल लागल्यावर ओल्या फडक्यानं पुसा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हात गार असताना पहिली १० मिनिटं आकडा भटकतो. घरातच थोडी उठबस करून हात गरम करा, आणि घड्याळ स्वेटरच्या बाहीखाली ठेवा. गडद गोंदणावर सेन्सर ठेवू नका.

छातीपट्टा हृदयाचा विद्युत संकेत वाचतो. सुक्या कातडीवर तो वाचता येत नाही. पट्ट्याच्या आतले दोन खडबडीत भाग पाण्यानं ओले करा. नाही केले तर घाम येईपर्यंत २०० च्या वर उड्या किंवा शून्य दिसतं, आणि ते सरासरीत मिसळतं. सिंथेटिक बनियन आणि कोरडी हवा असली तरी अशा उड्या येतात.

व्यायाम झाला की पॉड (पट्ट्यावर बसणारी सेन्सरची डबी) पट्ट्यावरून काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर राहिला तर तो चालूच राहतो आणि सेल संपतो. सेल घेताना जुन्यावरचा आकडा बघा: पोलारच्या एच १० ला सीआर २०२५ लागतो, इतर बऱ्याच पट्ट्यांना सीआर २०३२. दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर, पण जाडी २.५ आणि ३.२. जाड सेल कोंबला की झाकण नीट बसत नाही आणि घाम आत जातो. खडेबाजारातल्या घड्याळवाल्याकडून बदलून घेणार असाल तर झाकणातलं रबरी कडं परत बसवलंय ना ते बघून घ्या.

वडगावची_ताई:
'टोटल' आणि 'ॲक्टिव्ह' असे दोन आकडे दिसतात. जेवणासाठी कुठला?

निपाणी_ट्रॅक:
ॲक्टिव्ह. टोटलमध्ये तुम्ही नुसत्या बसून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या त्या कॅलरीही धरलेल्या असतात, आणि दिवसाच्या आहाराच्या हिशेबात त्या आधीच आलेल्या असतात. टिळकवाडीच्या भावाचंच बघा: ५० मिनिटांचे ३९५, त्यात बसल्याचे ५८. व्यायामानं खरी भर पडली ३३७ ची. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २०० कॅलरी. घड्याळाच्या ६४८ वर भरवसा ठेवला तर तीन भाकऱ्या जास्तीच्या, खऱ्या आकड्यावर दीडच्या आसपास. वजन का उतरत नाही याचं कारण बऱ्याच जणांच्या बाबतीत या दीड भाकरीत असतं.

टिळकवाडी_४०:
मग घड्याळ आता निव्वळ ठोक्यांपुरतं ठेवू काय?

शहापूर_शरीरशास्त्र:
ठोक्यांसाठी आणि स्वतःची स्वतःशी तुलना करायला. तोच व्यायाम, तीच वेळ, तसंच हवामान असेल तर त्याची चूक दरवेळी एकाच बाजूला आणि बरीचशी सारख्याच प्रमाणात होते. तुमच्या बाबतीत चढाच्या चालीला घड्याळाचा आकडा ०.६ नं गुणला की ट्रेडमिलचा येतो. हा गुणक फक्त त्याच व्यायामाला लावा. सायकलला, जोरांना वेगळा येईल. तब्येत सुधारत गेली की त्याच चढाला ठोके कमी पडतील आणि गुणक बदलेल, म्हणून दोन-तीन महिन्यांनी त्याच वेगावर, त्याच चढावर परत जुळवा. घड्याळात आज बदलायच्या गोष्टी: वजन, जन्मवर्ष, कमाल ठोके १८०, विश्रांती ७०, आणि सोय असेल तर क्षमता ३५. आपोआप बदलणारी कमाल ठोक्यांची सोय बंद ठेवा, नाहीतर पट्टा सुका असतानाची एखादी २०५ ची उडी ते तुमची कमाल म्हणून धरून बसतं.

शेवटचा पडताळा वजनकाट्यावर. आहार तसाच ठेवून रोज सकाळी एकाच वेळी वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाच्या वजनात पाणी आणि मीठ एक-दीड किलोचा फरक सहज दाखवतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. चार आठवड्यांच्या सरासरीत जेवढी घट दिसते ती तुमच्या हिशेबाशी ताडून बघा.

टिळकवाडी_४०:
आभार सगळ्यांचे. उद्यमबागच्या सरांना एकच: पावसाळ्यात पट्टा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. मशीनमध्ये टाकला तर चालेल?

उद्यमबाग_सेन्सर:
पॉड काढून, जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, हलक्या चक्रावर, पंधरा-वीस दिवसांतून एकदा. रोजचं फक्त साध्या पाण्यात खंगाळणं. कपडे मऊ करायचं लिक्विड आणि ब्लीच अजिबात नको, इलेक्ट्रोडवर थर बसतो आणि संकेत मरतो. पिळायचा नाही, आतली वाहक जाळी तुटते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग पंख्याखाली सपाट पसरा. चुलीवर किंवा इस्त्रीनं वाळवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन पट्टे आलटून पालटून वापरणं सगळ्यांत सोपं. पॉड तोच राहतो, नुसता पट्टा वेगळा मिळतो.